जलपर्णी, वेडी बाभूळ आणि डास : वनस्पतींच्या आधारे डासांवर नजर ठेवता येईल का?

सुलभा_भीमाकाठ

नमस्कार. पुणे जिल्ह्यात भीमेच्या काठी आमचे गाव आहे आणि गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची मी सदस्य आहे. हिवाळा सरताना नदीचा प्रवाह मंदावतो, पात्रात जलपर्णी पसरते आणि संध्याकाळी दारे-खिडक्या लावून बसावे लागते. गेल्या पावसाळ्यात गावात डेंग्यूचेही रुग्ण आढळले. समितीकडे या वर्षी थोडा निधी आहे आणि तो कशावर खर्च करावा यावर एकमत होत नाही. काहींच्या मते जलपर्णी काढली की डेंग्यू आटोक्यात येईल. काहींना गावाच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ तोडायची आहे, कारण तिच्यामुळे हिवताप वाढतो असे त्यांनी वाचले आहे. उरलेल्यांचा आग्रह असा की शाळेभोवती आणि दवाखान्याभोवती गवती चहा, तुळस व झेंडू लावावेत, म्हणजे डास फिरकणार नाहीत.

डास फुलांवरही जातात आणि त्यांच्या या सवयीचा उपयोग करून रोगाचा विषाणू गावात आहे की नाही हे आधीच ओळखता येते, असे मी एका लेखात वाचले. डास आणि वनस्पती यांच्या या नात्याचा आमच्यासारख्या गावाला खरोखर काही उपयोग होईल का? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_समाहारक

सुलभाताई, मी हिवताप विभागात कीटक समाहारक, म्हणजे डास व अळ्या गोळा करणारा कर्मचारी, म्हणून नोकरी केली. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की 'डास' हा शब्द समितीच्या चर्चेतून काही काळ बाजूला ठेवावा आणि प्रत्येक वेळी 'कोणता डास' हे विचारावे. आपल्या तिन्ही प्रस्तावांत तीन वेगवेगळ्या डासांची सरमिसळ झाली आहे.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती हा घरातला डास आहे. त्याच्या अळ्या रांजण, हौद, टाक्या, कूलर, टायर आणि फ्रिजमागचा ट्रे अशा साठवलेल्या, बहुधा स्वच्छ पाण्यात वाढतात. पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे २०२१ मध्ये राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हाही शोध घरांतील पाण्याच्या साठ्यांचाच घ्यावा लागला होता. नदीतील जलपर्णी शंभर टक्के काढली तरी या डासाच्या संख्येत फरक पडण्याचे कारण नाही, आणि हे समितीला स्पष्टपणे सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण जलपर्णी काढून झाल्यावर पुन्हा डेंग्यूचे रुग्ण निघाले की लोकांचा सर्वच उपायांवरचा विश्वास उडतो.

आपल्याला संध्याकाळी जो त्रास होतो तो बहुतांशी क्युलेक्स डासाचा असणार. सांडपाणी मिसळलेले संथ पाणी त्याला मानवते. जलपर्णी त्याचे अन्न नाही आणि तिच्यावाचून त्याचे अडते असेही नाही, परंतु ती प्रवाह रोखते, लाटा मोडते, अळ्या खाणाऱ्या माशांना आत शिरू देत नाही आणि वरून टाकलेले अळीनाशक पाण्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही. म्हणून जलपर्णी काढल्याने क्युलेक्स कमी होतो, मात्र पात्रात सांडपाणी येतच राहिले आणि पाणी साचलेलेच राहिले तर तो पुन्हा वाढतो. विदर्भातील जिल्ह्यांत हाच डास हत्तीरोगाचा वाहक आहे, म्हणून त्याला केवळ उपद्रवी समजून सोडून देता येत नाही.

वनस्पतींशी एडिसचा संबंध वेगळ्या प्रकारे येतो. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस हा अळूसारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात, तोडलेल्या बांबूच्या खुंटांत, झाडांच्या ढोलींत आणि कोकणात व गोव्यात सुपारीच्या गळून पडलेल्या पानांच्या रुंद देठांत वाढतो. आपल्याकडे मनी प्लांटची बाटली आणि कुंड्यांखालच्या बशा या दोन जागा तपासल्याशिवाय घर सोडू नये, कारण घरातील माणसे त्यांना पाणीसाठा मानतच नाहीत आणि विचारले तर आमच्याकडे पाणी साठवलेले नाही असे प्रामाणिकपणे सांगतात.

जलपर्णी काढायचीच असेल तर आधी आणि नंतर मोजणी करावी. लांब दांड्याचा पांढरा डिपर, म्हणजे पळीसारखे भांडे, घेऊन काठालगत ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळा पाणी उपसावे आणि प्रत्येक डिपमागे किती अळ्या व कोष आले हे वहीत लिहावे. डिपर जलपर्णीच्या गर्दीत घालण्यापूर्वी झाडे हलकेच बाजूला करून क्षणभर थांबावे, कारण हालचाल झाली की अळ्या खाली जातात आणि घाईने उपसलेल्या डिपमध्ये काहीच दिसत नाही. काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवू नये. ती पावसाने किंवा पाणी वाढल्याने पुन्हा पात्रात जाते आणि ढिगांच्या आड जी डबकी तयार होतात त्यांत नवी डासोत्पत्ती सुरू होते.

वेंबनाड

मी मूळची सातारची, नोकरीनिमित्ताने बरीच वर्षे केरळमध्ये राहते. समाहारक काकांनी क्युलेक्सबद्दल लिहिले की वनस्पतीवाचून त्याचे अडत नाही. ज्याचे खरोखरच अडते अशा डासाचे उदाहरण येथून जवळच अलप्पुळा जिल्ह्यातील चेर्तला तालुक्यात घडले, ते सांगते.

त्या डासाचे नाव मॅन्सोनिया. बहुतेक डासांच्या अळ्या श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, त्यामुळे पाण्यावर तेलाचा थर दिला की त्या गुदमरतात. मॅन्सोनियाची अळी वर येतच नाही. तिच्या श्वसननलिकेचे टोक करवतीसारखे धारदार असते, ते ती पाणवनस्पतीच्या मुळांत खुपसते आणि मुळातील हवेच्या पोकळ्यांमधून प्राणवायू घेते. कोषावस्थेतही ती तशीच मुळाला चिकटून राहते. पिस्टिया नावाची, पाण्यावर तरंगणारी रुंद पानांची वनस्पती तिला विशेष मानवते, आणि मादी अंडीही अशा तरंगत्या पानांच्या खालच्या बाजूला घालते. म्हणजे हा डास जन्मापासून पंख फुटेपर्यंत वनस्पतीशी बांधलेला आहे. पाण्यावर तेल सोडणाऱ्यांच्या हाती तो लागत नाही, परंतु मुळे पाण्यातून उचलली की त्याचा श्वासच थांबतो.

चेर्तल्यात नारळाच्या बागा, त्यांच्यामधली असंख्य लहान तळी आणि नारळाची सोडणे कुजवण्याचे खड्डे आहेत. पिस्टियाचा उपयोग शेतकरी नारळाला हिरवळीचे खत म्हणून करीत, त्यामुळे ती तळ्यांतून मुद्दाम राखली जात असे. या मॅन्सोनिया डासांमुळे तेथे ब्रुगिया मलायी या कृमीचा हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या होता. त्रावणकोर संस्थानाच्या काळात, १९३०च्या दशकात, एम. ओ. टी. अय्यंगार यांनी या रोगाचा, डासाचा आणि पिस्टियाचा संबंध अभ्यासला होता. पुढे १९८६ मध्ये पुदुच्चेरी येथील वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेने, पी. के. राजगोपालन यांच्या कार्यकाळात चेर्तल्यात मोठा प्रकल्प हाती घेतला.

या प्रकल्पातील विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणवनस्पती एकदा काढून भागत नाही, ती पुन्हा येते, आणि आपल्या तळ्यातून ती वारंवार काढण्याचे कारण शेतकऱ्याला असले पाहिजे. केवळ रोगाच्या भीतीने माणूस वर्षानुवर्षे तळे साफ करीत नाही. म्हणून तळ्यांत खाण्याचे मासे पाळण्यास लोकांना उत्तेजन आणि मार्गदर्शन देण्यात आले. मासे वाढवायचे तर तळे मोकळे ठेवावे लागते आणि तळे मोकळे राहिले की मॅन्सोनियाला मुळे मिळत नाहीत. तण काढण्याचे काम अशा रीतीने उत्पन्नाशी जोडले गेले, आणि खताची जी सोय पिस्टियामुळे होत होती तिच्या बदल्यात शेतकऱ्याच्या हाती दुसरे काहीतरी आले. आरोग्य विभागाचे पथक येऊन तळी साफ करून गेले असते तर पुढच्या पावसाळ्यात सर्व पूर्ववत झाले असते असे माझे मत आहे.

नजर ठेवण्याच्या बाबतीतही तेथे वनस्पतीच उपयोगी पडते. मॅन्सोनियाच्या अळ्या डिपरने मिळत नाहीत. त्यासाठी झाड मुळांसकट अलगद उचलून पाण्याच्या बादलीत किंवा पांढऱ्या ट्रेमध्ये जोराने हलवायचे, सुटून पडलेल्या अळ्या मोजायच्या आणि झाडामागे किती अळ्या हे नोंदवायचे. आपल्या जलपर्णीच्या मुळांवरही हा डास राहू शकतो, म्हणून सुलभाताईंनी काही झाडे अशी हलवून अवश्य पाहावीत. महाराष्ट्रातील हत्तीरोग हा दुसऱ्या कृमीचा आणि क्युलेक्स डासामार्फत पसरणारा आहे, तेव्हा मॅन्सोनिया सापडला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, परंतु तो सापडला तर जलपर्णी काढण्याचा परिणाम अधिक थेट होईल हे समजेल.

सूक्ष्मदर्शी

मी कीटकशास्त्रात संशोधन करतो. सुलभाताईंनी ज्या लेखाचा उल्लेख केला त्यातील गोष्ट खरी आहे, फक्त ती नीट मांडायला हवी.

रक्त फक्त मादी पिते आणि तेही अंड्यांसाठी. उडण्यासाठी आणि जगण्यासाठी लागणारी ऊर्जा नर व मादी दोघेही मुख्यतः साखरेतून मिळवतात. फुलांतील मध, पिकलेल्या फळांचा रस, झाडाच्या जखमेतून येणारा पाझर आणि मावा किंवा तुडतुडे यांनी पानांवर सोडलेला चिकटा हे तिचे स्रोत होत. नराचे तर आयुष्यच साखरेवर चालते. रोगप्रसाराच्या दृष्टीने याला महत्त्व आहे ते डासाच्या वयामुळे. हिवतापाचा परजीवी मादीच्या पोटात गेल्यानंतर तिच्या लाळेत येईपर्यंत साधारण दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो, डेंग्यूच्या विषाणूलाही आठवड्याहून अधिक काळ लागतो. तेवढे दिवस जी मादी जगत नाही तिने चावून त्रास दिला तरी रोग दिला असे होत नाही. साखर सहज मिळाली तर मादी अधिक जगते, आणि वयस्क माद्यांचे प्रमाण थोडे वाढले तरी रोगाचा प्रसार बराच वाढतो.

डासाने साखर खाल्ली आहे का हे ओळखणे अवघड नाही. १९७२ पासून वापरात असलेल्या अँथ्रोन चाचणीत डास चिरडून त्यावर हे रसायन घालतात आणि फ्रुक्टोज असेल तर निळसर हिरवा रंग येतो. रक्तातून फ्रुक्टोज इतक्या प्रमाणात येत नाही, म्हणून हा रंग वनस्पतीचाच पुरावा ठरतो. आता तर डासाच्या पोटातील वनस्पतीच्या डीएनएवरून तो कोणत्या झाडावर गेला होता हेही सांगता येते, आणि नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र केंद्रातील संशोधकांनी आफ्रिकेतील डासांवर असे काम केले आहे.

यावरून पुढची कल्पना निघाली ती ऑस्ट्रेलियात. जपानी मेंदूज्वरासारख्या विषाणूंची चाहूल घेण्यासाठी तेथे डुकरे किंवा कोंबड्या पहारेकरी म्हणून बांधून ठेवत आणि त्यांचे रक्त वरचेवर तपासत. हे खर्चिक होते, शिवाय डुकराच्या शरीरात जपानी मेंदूज्वराचा विषाणू स्वतःच वाढतो. क्वीन्सलँडमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की कार्बन डायऑक्साइडने डास ओढणाऱ्या पेटीत मध लावलेला खास कागद ठेवला तर डास मध पिताना त्यावर लाळ सोडतात, आणि त्या लाळेत विषाणू असेल तर त्याचे आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, कागदावर टिकून राहते. हा कागद विषाणू निष्क्रिय करतो, बर्फाशिवाय टपालाने पाठवता येतो आणि प्रयोगशाळेत त्याची तपासणी होते. रॉस रिव्हर आणि बार्मा फॉरेस्ट हे दोन विषाणू त्यांनी या पद्धतीने प्रत्यक्ष रानातील डासांमधून शोधले. हजारो डास पकडून, त्यांच्या जाती वेगळ्या करून, थंड साखळीत प्रयोगशाळेत पाठवण्याचे कष्ट यात वाचतात. लाळेतच विषाणू सापडला म्हणजे तो डास रोग देऊ शकतो हेही त्याच वेळी कळते, कारण पोटात विषाणू असणे आणि लाळेत असणे या भिन्न गोष्टी आहेत.

तथापि ही पद्धत एका गावाच्या समितीने करण्याची नाही. कागद लावणे सोपे आहे, त्यामागची तपासणी प्रयोगशाळेची आहे. धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदियासारख्या जिल्ह्यांत, जेथे भातखाचरांतील क्युलेक्स डास जपानी मेंदूज्वर पसरवतात, तेथे राज्य पातळीवर असा प्रयत्न करण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे, तेव्हा तपासणीचे कौशल्य आपल्या दाराशी आहे.

आता नियंत्रणाविषयी. डास साखरेकडे येतो तर त्या साखरेतच विष का घालू नये, या विचारातून गोड आमिषाची पद्धत आली. इस्रायलमधील संशोधकांनी ती विकसित केली. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात पेरू आणि खरबुजाच्या रसात बोरिक आम्ल मिसळून तळ्यांभोवतीच्या झुडपांवर फवारले, तेव्हा हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डिनोटेफ्युरान हे कीटकनाशक घातलेल्या, पातळ पडद्याने झाकलेल्या आमिषाच्या पट्ट्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर लावून मालीतच प्रयोग झाला आणि डासांची संख्या निम्म्याहून कमी झाली. अपेक्षा साहजिकच वाढल्या. त्यानंतर झांबियाच्या पश्चिम प्रांतात आणि केनियाच्या सियाया काउंटीत मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत माणसांमधील हिवताप ठळकपणे कमी झाल्याचे दिसले नाही. डास कमी होणे आणि आजार कमी होणे यांत अंतर असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. माझ्या मते फरकाचे एक कारण परिसरातील साखर हेही असावे. मालीचा तो भाग कोरडा, तेथे फुले मोजकी, म्हणून आमिषाला स्पर्धा कमी. जेथे हिरवळ दाट असते तेथे डासाने भिंतीवरच्या पट्टीकडेच का यावे?

सुलभा_भीमाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. डेंग्यू आणि जलपर्णी यांचा संबंध नाही ही गोष्ट मी पुढच्या बैठकीत स्पष्टपणे मांडेन. दोन शंका राहिल्या. गुळाच्या पाण्यात बोरिक पावडर घालून आम्ही स्वतः झाडांवर फवारले तर चालेल का, असे एका सदस्याने विचारले आहे, कारण दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. आणि वेडी बाभळीबद्दल कोणी लिहिले नाही. ती तोडावी की नाही?

मधपेटी

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण माझा व्यवसाय मधमाश्यांचा आहे. कृपया असे काही फवारू नका. गोड पाण्याकडे डासाच्या आधी मधमाशी येते, आणि एका माशीला ते सापडले की ती पोळ्यात जाऊन इतरांना दिशा सांगते. आपल्या भागात डाळिंब, कांदा बियाणे, सूर्यफूल आणि काकडीवर्गीय पिके मधमाश्यांवर अवलंबून आहेत, तेव्हा नुकसान केवळ माझ्यासारख्याचे होणार नाही. वर सांगितलेल्या पट्ट्यांवर पडदा लावलेला असतो तो याचसाठी की डासाची सोंड आत जाईल आणि मधमाशीला रस मिळणार नाही. उघड्या फवाऱ्यात ही सोय नाही. शिवाय गोड चव पाहून लहान मुले आणि गुरे ती पाने चाटू शकतात. कीटकनाशक म्हणून कोणतेही मिश्रण सार्वजनिक जागी वापरायचे तर १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्याची नोंदणी असावी लागते, हेही समितीच्या लक्षात आणून द्यावे.

सूक्ष्मदर्शी

मधपेटी यांच्याशी पूर्ण सहमत. फुलांवर फवारलेल्या आमिषाने परागवाहक कीटक मोठ्या प्रमाणात मरतात हे प्रयोगांतही दिसले आहे.

वेडी बाभळीचा, म्हणजे प्रोसोपिस जुलिफ्लोराचा, प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही मालीचाच, बांडियागारा जिल्ह्यातील नऊ गावांमधला. सहा गावांत ही झाडे होती, तीन गावांत नव्हती. त्या सहांपैकी तीन गावांत संशोधकांनी झाडांच्या फुलणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटल्या. तेथे सापळ्यांत येणाऱ्या ॲनोफिलिसची संख्या निम्म्याहून अधिक घटली आणि वयस्क, म्हणजे रोग देऊ शकणाऱ्या माद्यांची संख्या ज्या गावांत ही झाडे मुळीच नव्हती त्यांच्या पातळीजवळ आली. एकही कीटकनाशक न वापरता केवळ फुले काढून डासांचे सरासरी वय खाली आणता येते, हे या प्रयोगाने दाखवले आणि तो मला अतिशय सुंदर वाटतो.

परंतु तो भीमेच्या काठी तसाच उचलून आणता येणार नाही. मालीत कोरड्या हंगामात फुलणारी दुसरी झाडे फार थोडी, म्हणून ही एक वनस्पती काढल्याने डासांची उपासमार झाली. आपल्याकडे ऊस आहे, उसावर लोकरी मावा आला की पाने चिकट्याने माखतात, कपाशी आणि भाजीपाल्यावर मावा असतो, बांधांवर एरंड आहे, परसात पपई व पेरू आहेत आणि सर्वत्र गाजरगवत आहे. नैरोबीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ॲनोफिलिस गॅम्बियीच्या माद्या गाजरगवतावर तग धरतात आणि त्यातून ऊर्जा साठवतात. हेच गवत भारतात प्रथम ठळकपणे नोंदले गेले ते पुण्यात, १९५०च्या दशकात, हेही येथे सांगण्याजोगे आहे. इतके पर्याय असताना एक झाड तोडून डासाचे काही बिघडेल असे मला वाटत नाही. वेडी बाभूळ गायरान व्यापते, गवत वाढू देत नाही, म्हणून ती काढायची असेल तर जरूर काढावी, गाजरगवत त्वचेच्या आणि श्वासाच्या विकारांसाठी काढावे, पण डास कमी होतील असे आश्वासन देऊन निधी मागू नये. सरपणासाठी ज्या घरांना वेडी बाभळीचाच आधार आहे त्यांनाही आधी विचारावे.

गवती चहा, तुळस आणि झेंडू यांच्याविषयी थोडक्यात. या वनस्पतींच्या तेलांत डासांना दूर ठेवणारी रसायने असतात हे खरे, सिट्रोनेलाचे तेल किंवा लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी त्वचेवर लावले तर उपयोग होतो. सिट्रोनेलाचा परिणाम लवकर ओसरतो, पीएमडीचा बराच वेळ टिकतो. मात्र जमिनीत उभे असलेले रोप ही रसायने पानांच्या आत धरून ठेवते, त्यामुळे शाळेभोवती रोपे लावल्याने वर्गातील डास कमी होत नाहीत. रोपे सुंदर दिसतील म्हणून लावावीत, आणि कुंड्यांत लावली तर खालच्या बशा काढून टाकाव्यात.

निवृत्त_समाहारक

चर्चा चांगली झाली. शेवटी समितीला स्वतः करता येईल अशी, वनस्पतीचाच आधार घेणारी एक गोष्ट सुचवतो.

अंडी घालण्यासाठी जागा शोधणारी मादी पाण्याच्या वासावरून निर्णय घेते आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याचा वास तिला सांगतो की येथे पिल्लांना अन्न मिळेल. पॉल रायटर यांनी १९८३ मध्ये वाळलेले गवत कुजवलेल्या पाण्यावर क्युलेक्सच्या गर्भार माद्या पकडणारा सापळा तयार केला. अशा मादीने आधी रक्त प्यायलेले असते, म्हणून विषाणू शोधण्यासाठी ती साध्या सापळ्यातील डासापेक्षा अधिक उपयोगी ठरते, आणि वेस्ट नाईल विषाणूवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेत हे सापळे आजही लावले जातात. हिवतापाच्या आफ्रिकी डासाच्या बाबतीत सेड्रॉल नावाचे आकर्षक रसायन सापडले, ते बुरशी लागलेल्या लव्हाळ्याच्या कंदांतून येते असे नंतर दिसून आले. आपला शेतकरी ज्या लव्हाळ्याला कंटाळलेला असतो तोच हा.

एडिससाठी याची सोपी आवृत्ती म्हणजे अंडी-सापळा. काळ्या रंगाचा डबा घ्यावा, वरच्या कडेपासून थोडे खाली एक भोक पाडावे म्हणजे पावसाने तो ओसंडणार नाही, वाळलेले गवत काही दिवस भिजवून गाळलेले पाणी साध्या पाण्यात मिसळून त्यात घालावे आणि आतल्या बाजूने खरखरीत कापडाची किंवा कागदाची पट्टी अर्धी पाण्यात बुडेल अशी लावावी. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर या पट्टीवर अंडी घालते. ती काळी, बारीक आणि भिंगातून स्पष्ट दिसतात. सावलीत, जमिनीलगत, अंगणात किंवा व्हरांड्यात, मुलांच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी डबा ठेवावा.

यात एक अट अशी आहे की तिच्यात तडजोड नको. आठवडा उलटण्याच्या आत प्रत्येक डबा रिकामा करून, घासून, पट्टी बदलली गेलीच पाहिजे, अन्यथा आपणच डासांची पैदास केली असे होईल. म्हणून जेवढे डबे आशाताई आणि शाळेतील शिक्षक मिळून खात्रीने तपासू शकतील तेवढेच लावावेत, आणि प्रत्येक डबा कोणाच्या जबाबदारीवर आहे हे त्यावर लिहावे. किती डब्यांत अंडी आली याची नोंद पावसाळ्याच्या आधीपासून ठेवली तर कोणत्या वस्तीत एडिस वाढतो आहे हे रुग्ण निघण्यापूर्वी दिसू लागते. त्या वस्तीत मग घरोघरी कंटेनर सर्वेक्षण करावे, कोरडा दिवस पाळावा, म्हणजे आठवड्यातून एकदा सर्व पाणीसाठे रिकामे करून कोरडे करावेत, जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सेवकांना बोलावून टेमीफॉस हे अळीनाशक टाकून घ्यावे.

निधीतील मोठा भाग जलपर्णीसाठी राखायचा असेल तर तो पावसाळ्यापर्यंत थांबवू नये. थंडी संपताना, जलपर्णी नुकती पसरू लागलेली असताना आणि तिला फुले येऊन बी धरण्यापूर्वी ती काढली तर कष्ट कमी पडतात. त्या वेळी वेंबनाड यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणची काही झाडे बादलीत हलवून पाहावीत, आणि ज्या अळ्या मिळतील त्या लहान बाटलीत, ठिकाण व तारीख लिहून, जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालयाकडे ओळखीसाठी पाठवाव्यात.